टाइमलाइन चालवली की रंगीत ठिपके, मग काळा पडदा. ग्राफिक कार्ड गेलं असं समजायचं का?

मांडावरची · ६ जुलै २०२५, रात्री १०:२०

नमस्कार. आज रविवार, त्यात एकादशी. सकाळपासून याच कामाला बसले होते आणि आता हात टेकले आहेत. लिहिणं लांबेल, पण अर्धवट माहितीवर कुणी उत्तर देऊ शकत नाही, हे मी विज्ञानाच्या तासाला मुलांना सांगत असते. तेव्हा मीही सगळंच लिहिते.

संगणक २०२१ साली मुलासाठी जुळवून घेतलेला आहे. आय५-१०४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. ग्राफिक कार्ड डिसेंबर २०२२ मध्ये मडगावच्या एका मुलाकडून जुनं घेतलं. जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबी. त्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक कार्डं रात्रंदिवस चालवून ते चलन कमावणं, बंद पडलं होतं आणि बाजारात जुनी कार्डं भराभर आली होती, हे त्यातलंच असणार. कार्ड बांधणाऱ्या कंपनीचं नाव मी देत नाही, कारण दोष तिचा आहे असं काहीच सिद्ध झालेलं नाही. मुलगा आता फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहतो. मिस्टर बोटीवर. त्यामुळे घरात मी आणि हा संगणक.

माझं काम असं. पौषात आमच्या गावच्या मांडावर, म्हणजे जमून खेळायच्या ठरलेल्या जागी, धालो झाले, बायकांची रात्रीची गाणी आणि नाच, त्याच्या पाचही रात्री मी चित्रण केलं. एकूण १९ तास. ते दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये बसून जोडते आहे. आमच्यात एक आजी आहे, गाणं तीच उचलते आणि बाकीच्या जणी मागून म्हणतात. तिला ऐंशी पार झाली आहेत. पुढच्या कितीतरी गाण्यांच्या ओळी आता फक्त तिलाच येतात. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, फुगडीसाठी सगळ्या जमतात तेव्हा तिला हे पडद्यावर दाखवीन, असं मी तिला कबूल केलं आहे. चवथ २७ ऑगस्टला आहे.

आता बिघाड. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तीन आठवडे संगणकाला हात लावला नाही. त्या खोलीत कौलातून एका जागी ठिबकतं, म्हणून सीपीयूवर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलं होतं. १ जुलैला उघडला. पहिल्या खेपेला पडद्यावर काहीच आलं नाही, दुसऱ्या खेपेला आलं. डेस्कटॉप स्वच्छ दिसतो. इंटरनेट बघा, वर्ड वापरा, काही होत नाही. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन, म्हणजे जोडलेल्या चित्रणाची पट्टी, चालवली की दोन-तीन मिनिटांत हिरवे-गुलाबी ठिपके येतात, मग चौकोनी तुकडे, मग पडदा काळा आणि पंखे जोरजोरात फिरू लागतात. आवाज मात्र थांबत नाही. काळ्या पडद्यामागे आजीचं गाणं चालूच राहतं. पहिल्या दिवशी ते ऐकून माझ्या पोटात कसंतरीच झालं.

कधी दहा सेकंदांनी पडदा परत येतो. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ४१०१ क्रमांकाची नोंद दिसते. त्या आठवड्यात लाइट दिवसातून चार-पाच वेळा जात-येत होती, हेही लिहून ठेवते.

कार्डाचा ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्रॅम) सेफ मोडमध्ये पूर्ण काढून पुन्हा टाकला. एचडीएमआय केबल बदलली. मॉनिटर मुलाच्या जुन्या लॅपटॉपला लावून पाहिला, तो ठीक आहे. नवं कार्ड घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत, पण दुसरा मार्गच नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

आणि एक, याचा संबंध नसेलही. अनवाणी असताना सीपीयूच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात.

रेंडर_रात्र · ६ जुलै, रात्री ११:०५

मॅडम, ठिपके म्हणजे चिपखालचं सोल्डर सुटलं. पंखे आणि हीटसिंक काढून कार्ड ओव्हनमध्ये १९० डिग्रीला आठ-दहा मिनिटं ठेवायचं. खूप जणांची कार्डं अशी चालू झालेली व्हिडिओत पाहिली आहेत.

म्हापशेकार_रिपेअर · ७ जुलै, सकाळी ७:४०

बाई, ओव्हनचं कृपा करून करू नका. कार्डावर शिसं नसलेलं सोल्डर असतं, ते साधारण २१७ डिग्रीला वितळतं. १९० ला ते वितळतच नाही, म्हणजे जो सांधा जुळेल असं म्हणतात तो जुळण्याची वेळच येत नाही. मात्र कपॅसिटर आणि प्लास्टिकचे कनेक्टर त्या उष्णतेत खराब होतात, आणि बोर्डातून जो धूर निघतो तो ज्या ओव्हनात आपण खायचं करतो त्यात बसतो. काही कार्डं तापवल्यावर चार दिवस चालतात हे खरं, कारण चिपच्या आतला सांधा उष्णतेने थोडा हलतो. तेवढ्या चार दिवसांचाच व्हिडिओ लोक टाकतात.

पहिली गोष्ट, चित्रणाची काळजी सोडा. ते हार्ड डिस्कवर आहे, कार्डाच्या बिघाडाने त्याला धक्का लागत नाही. तरी आजच एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. बिघाड शोधताना मशीन दहा वेळा मध्येच बंद पडणार आहे.

तुमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ नाही हे नशीब. त्यात स्वतःचं ग्राफिक आहे. वायर काढून, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या, मग कार्ड बाहेर काढा आणि मॉनिटर मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावा. दोन दिवस तसंच वापरा. स्वच्छ चाललं तर रॅम, प्रोसेसर, मॉनिटर या सगळ्यांवरचा संशय उतरला. रिझॉल्व्ह रखडेल, पण रखडणं आणि ठिपके या वेगळ्या गोष्टी.

मग कार्ड परत लावून जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि बस इंटरफेसची ओळ वाचा, कार्ड मदरबोर्डशी किती मार्गांनी जोडलं आहे ते तिथे दिसतं. तिथे शेवटी एक्स१६ असायला हवं. काम नसताना गती १.१ दिसते, तिला घाबरू नका, कार्ड वीज वाचवायला गती उतरवतं. रुंदी तेवढी बघायची. एक्स८ किंवा एक्स४ दिसलं तर कार्ड स्लॉटमध्ये नीट टेकत नाही.

४१०१ ची नोंद म्हणजे कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही, म्हणून विंडोजने ड्रायव्हर झटकून पुन्हा उभा केला. का दिलं नाही ते त्यातून कळत नाही. कॅबिनेटचं झाकण उघडून आतला फोटो टाका. कार्डाला वीज कुठल्या वायरने जाते ते दिसलं पाहिजे.

रेंडर_रात्र · ७ जुलै, सकाळी ९:१२

२१७ चा आकडा माहीत नव्हता. माझा सल्ला मागे घेतो, मॅडम. कोणी तो करू नये.

वायरमन_फोंडा · ७ जुलै, दुपारी १:३०

कार्डाचं म्हापशेकार बघतीलच. मला तुमची शेवटची दोन वाक्यं वाचून राहवलं नाही, म्हणून जेवण अर्धं ठेवून लिहितो आहे.

पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणजे त्या सॉकेटला अर्थ, म्हणजे जमिनीत उतरणारी सुरक्षेची तार, पोचत नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन लहान कपॅसिटर असतात. एक फेजकडून पत्र्याला, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याला. लाइनमधली खरखर अर्थमध्ये सोडून द्यायची हे त्यांचं काम. अर्थच नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११० ते ११५ व्होल्ट. त्यातून करंट एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी वाहतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण बाई, तीच तुटलेली अर्थ तुमच्या गिझरची आणि फ्रिजचीही आहे. उद्या गिझरची कॉइल आतून फुटली तर त्याच्या पत्र्यावर पूर्ण २३० येतील, आणि अर्थ नसल्याने फ्यूज उडणार नाही. हे काम संगणकाच्या आधी करा.

संगणकापुरतं सांगायचं तर पत्रा असा लोंबकळत असताना चालू मशीनला एचडीएमआय लावली-काढली की तो व्होल्टेज केबलमधून खाली उतरायला बघतो. पोर्ट जातात ते बहुतेक असे. सर्ज प्रोटेक्टरची पट्टी घेतली असली तरी तिच्यातला फेजकडून आणि न्यूट्रलकडून अर्थमध्ये झटका सोडणारा भाग अर्थ नसताना कामाचा राहत नाही.

तुमच्याकडच्या वायरमनला बोलवा, सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यायला हवीत आणि तिसरं दोन-तीन व्होल्टांच्या आत. आपली चिऱ्याची जमीन, तिच्यात पाणी टिकत नाही, अर्थ मुळातच कष्टाने लागतो. पावसात सगळं ओलं दिसतं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण खड्ड्यातल्या पाइपावरची पट्टीच गंजून तुटली असेल तर वरून कितीही पाऊस पडो. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर त्याच फेरीत तोही बसवून घ्या.

मांडावरची · १० जुलै, रात्री ९:००

दोघांचेही मनापासून आभार. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवून तारखेनिशी वहीत लिहीत गेले, ते तसंच उतरवते.

७ आणि ८ जुलै. कार्ड काढून मदरबोर्डवरच्या ग्राफिकवर चालवलं. ठिपका एकही नाही, काळा पडदा नाही. रिझॉल्व्ह इतकं अडखळतं की काम होणार नाही, पण म्हापशेकारांनी म्हटल्याप्रमाणे बाकीची मशीन निर्दोष ठरली.

८ ची रात्र. कार्ड परत लावलं. जीपीयू-झेडमध्ये एक्स१६ च्या जागी एक्स४. कार्डाच्या कडेला जी सोनेरी पट्ट्यांची ओळ असते ती बॅटरीच्या उजेडात पाहिली तर मधल्या काही पट्ट्यांवर काळसर-हिरवट साय होती. कव्हर काढलं तेव्हा कॅबिनेटच्या आतल्या स्क्रूवरही गंजाचे ठिपके होते. पाऊस लागू नये म्हणून मी जे प्लास्टिक घातलं त्यानेच आत ओल कोंडून ठेवली. जुलैत आमच्या सत्तरी तालुक्याची हवा काय असते ते इथल्यांना सांगायला नको. कपाटातल्या चामड्याच्या चपलेला आठ दिवसांत बुरशी येते, तिथे तांब्या-पितळेची काय कथा.

पट्ट्या पुसायला मुलगा म्हणाला खोडरबर वापर. वायरमनचा पोरगा म्हणाला स्पिरिट. मी विचार केला, रबर म्हणजे घासणं आणि त्या पट्ट्यांवर सोन्याचा थर अगदी पातळ असतो. दवाखान्यातल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं. शाळेच्या प्रयोगशाळेत आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली होती, ९९ टक्क्यांची, मुख्याध्यापकांना विचारून थोडं आणलं. धागे न सुटणाऱ्या सुती फडक्याने दोन्ही बाजू हलकेच पुसल्या, फडकं करडं झालं. स्लॉटमध्ये काही कोंबलं नाही, कार्डच तीनदा लावलं-काढलं आणि मधल्या वेळी पट्ट्या पुन्हा पुसल्या. आता एक्स१६ दिसतं. पहिल्या खेपेला पडदा न येण्याचं थांबलं. ठिपके मात्र जसेच्या तसे, काळा पडदाही तसाच.

९ जुलै. वायरमन आले. संगणकाच्या पत्र्यापासून ओल्या जमिनीत रोवलेल्या सळीपर्यंत १०८ व्होल्ट. मी फोंड्याच्या दादांचा आकडा आठवला आणि मला घाम फुटला. अर्थचा खड्डा न्हाणीघरामागे पोफळीच्या मुळाशी आहे, सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हाचा. माती उकरून पाइपाच्या पट्टीपर्यंत गेलो तर तांब्याची तार हिरवी होऊन इतकी झिजली होती की वायरमनने दोन बोटांनी ओढली आणि ती हातात आली. किती वर्षं आम्ही असे राहिलो, देव जाणे. याच न्हाणीघरात माझ्या मुलाने गिझरच्या पाण्याने अंघोळी केल्या आहेत. आज नवा पाइप, नवी पट्टी आणि ईएलसीबी बसला. मापं २३१, २३० आणि १.४. झिणझिण्या गेल्या.

आतला फोटो आता टाकते आहे, उशिराबद्दल माफ करा.

म्हापशेकार_रिपेअर · १० जुलै, रात्री ९:४५

बाई, फोटो पाहिला. आत्ताच्या आत्ता मशीन बंद करा.

कार्डाला वीज देणारी आठ पिनांची वायर तुमच्या एसएमपीएसमधून थेट येत नाही. मध्ये एक जोडवायर आहे, हार्ड डिस्कला लावतात त्या चपट्या साटा कनेक्टरवरून आठ पिना काढलेल्या. तिचं चपटं टोक कडेला तपकिरी पडलं आहे, फोटो मोठा करून बघा.

हिशेब सांगतो. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, दर पिनेला दीड अँपिअर. झाले साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. तुमचं कार्ड भरात असताना १२५ वॅटच्या आसपास घेतं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ मिळतात, तेही कार्ड पूर्ण घेईलच असं नाही. बाकीची सगळी ओढ त्या चपट्या टोकावर. सरळ आठ पिनांच्या वायरीची क्षमता १५० वॅट असते, आणि इथे तिच्या तोंडावर ५४ वॅटचा गळा बांधला आहे. गळा तापतो, व्होल्टेज बसतं, कार्ड मान टाकतं. तुमचा काळा पडदा आणि पंख्यांचा आवाज मला तरी इथलाच वाटतो. या जोडवायरी वितळून पेट घेतलेल्या मी माझ्या टेबलावर पाहिल्या आहेत. विकणारा कार्डाबरोबर फुकट देतो, घेणाऱ्याला बिचाऱ्याला काही कळत नाही.

जिच्यातून आठ पिनांची वायर थेट निघते असा ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस घ्या. जोडवायर कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी लावणार नाही.

मांडावरची · १३ जुलै, सायंकाळी ६:३०

जोडवायर कापली. टोकाचं प्लास्टिक नखाने खरवडलं तर पापुद्रे निघाले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर म्हापशाला गेले. बाजाराचा दिवस, त्यात पाऊस, कदंब बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एसएमपीएसचा खोका मांडीवर घेऊन डिचोली, साखळी करत वाळपईला पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. ३,२०० रुपये पडले. नव्या कार्डाच्या मानाने काहीच नाहीत.

काल बसवला. काल आणि आज मिळून सात तास टाइमलाइन चालवली, काळा पडदा एकदाही आला नाही. पंखे शांत. ४१०१ ची एकही नोंद नाही.

पण ठिपके आहेत. कमी झालेत असंही म्हणवत नाही. आजीच्या कपाळावरच्या कुंकवाच्या जागी हिरवा चौकोन येतो आणि मला तो बघवत नाही. डेस्कटॉपवर एकही नाही, फक्त रिझॉल्व्ह चालू असताना. तीन चुका सापडल्या, तिन्ही सुधारल्या, आणि ज्या खुणेवरून सुरुवात झाली तीच राहिली. आता काय बघू?

म्हापशेकार_रिपेअर · १३ जुलै, रात्री ८:१५

आता खऱ्या दुखण्यावर आलो. वीज स्वच्छ, संपर्क स्वच्छ, तरी भार आला की ठिपके. ही मेमरी. तुमच्या कार्डावर एक-एक जीबीच्या सहा चिपा आहेत, त्यातली एखादी अशक्त झाली असेल. मायनिंगमध्ये मेमरीच रात्रंदिवस तापत असते.

डेस्कटॉपवर का दिसत नाही ते सांगतो. काम नसताना कार्ड मेमरीची गती अगदी खाली उतरवतं. त्या गतीला अशक्त चिपही निभावून नेते. रिझॉल्व्ह सुरू झालं की गती पूर्ण चढते, आफ्टरबर्नर या कार्डाची गती दाखवणाऱ्या आणि बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो आकडा ७००० च्या जवळ दिसेल. तिथे तिची दमछाक होते आणि ती चुकीचे आकडे परत देते. चुकीचा आकडा म्हणजे चुकीचा रंग, तुमचा हिरवा चौकोन.

अंदाजावर सोडू नका, मोजा. ओसीसीटी या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये व्हीरॅमची, म्हणजे कार्डावरच्या मेमरीची, चाचणी आहे, ८० टक्के मेमरी देऊन लावा. चुका मोजून दाखवते. एकही चूक चालत नाही, शून्यच हवं. मग आफ्टरबर्नरमध्ये मेमरी क्लॉक १०० नी खाली उतरवत जा आणि प्रत्येक पायरीला चाचणी पुन्हा घ्या. कुठेतरी शून्य आलं तर तुमची चवथ निभावली. वेग थोडा जाईल, व्हिडिओच्या कामात फारसा जाणवणार नाही.

कायमचा उपाय म्हणजे ती चिप उपसून दुसरी बसवणं. तिच्या पोटाखाली १८० सोल्डरचे मणी असतात, त्याला अशा चिपा तापवून काढणारं-बसवणारं बीजीएचं यंत्र लागतं. माझ्याकडे ते नाही, उगाच हो म्हणणार नाही. बेळगावला एकाकडे मी कार्डं पाठवतो, तुमचंही पाठवीन.

मांडावरची · १५ जुलै, रात्री १०:५०

वहीतून:

मूळ गतीला एका फेरीत ४१ चुका. १०० खाली, १९. २०० खाली, ६. ३०० खाली, १. ती एक चूक बघून वाटलं, एकच तर आहे, पण तुमचं वाक्य आठवलं आणि आणखी उतरवलं. ४०० खाली, शून्य. तीन फेऱ्या घेतल्या, तिन्ही शून्य.

हे आकडे आज आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिले आणि मुलांना आलेख काढायला लावला. एका मुलीने विचारलं, बाई, मग ५०० ला का नाही ठेवत, अजून सुरक्षित नाही का? प्रश्न इतका बरोबर होता की घरी येऊन ५०० ला ठेवलं. तीही चाचणी शून्य. मशीन सुरू होताच ही गती लागू व्हावी म्हणून आफ्टरबर्नरमध्ये खूण केली आहे.

रात्री पहिल्या रात्रीचे धालो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. कुंकू लाल आहे.

वायरमन_फोंडा · १६ जुलै, सकाळी ६:५५

देव बरें करूं, बाई. एप्रिल-मे मध्ये अर्थच्या खड्ड्यात आठवड्यातून दोन कळश्या पाणी ओतत जा, आणि दर वर्षी पावसाआधी तेच तिसरं माप घ्या.

पेडणेकर_घर · २९ ऑगस्ट, दुपारी ३:२०

चवथीच्या शुभेच्छा. हा धागा शोधताना सापडला. माझ्याकडे वेगळं कार्ड, पण लक्षण थोडं तसंच. घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ येतो, म्हणजे विंडोजने कार्डात बिघाड आहे म्हणून ते थांबवलं आहे, जीपीयू-झेडमध्ये एक्स१ दिसतं. ठिपके नाहीत. दुकानदार म्हणतो कार्ड मेलं, नवं घ्या. बाई, तुमच्या व्हिडिओचं पुढे काय झालं?

मांडावरची · ३० ऑगस्ट, रात्री ९:३०

व्हिडिओ २२ तारखेला पूर्ण झाला, ५२ मिनिटांचा. चवथीच्या दुसऱ्या दिवशी गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली पडदा लावला आणि सगळ्या जणी बसल्या. आजी पहिली वीस मिनिटं काहीच बोलली नाही. मग तिसऱ्या गाण्याला हात वर करून थांबवायला लावलं. म्हणाली, इथे मी एक ओळ गाळली आहे, थंडी होती, दम लागला होता. आणि तिथेच बसून ती ओळ म्हणाली. बाकीच्या कुणालाच ती येत नव्हती. मी मोबाइलवर टिपून घेतली. पौषात ते गाणं मांडावर पुन्हा घ्यायचं ठरलं आहे, तोवर कार्ड बेळगावहून येईल. पुढच्या आठवड्यात म्हापशेकारांकडे देणार आहे.

आता तुमचं. ठिपके नाहीत आणि एक्स१ दिसतं, तेव्हा मेमरीकडे जाण्याआधी संपर्क बघा, समुद्राची खारी हवा पट्ट्यांना आमच्या ओलीपेक्षा वाईट. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल, सुती फडकं, वायर काढलेली, आणि कार्ड दोन-तीनदा लावून-काढून मधे पुसत राहायचं. एक्स१६ आलं तर कोड ४३ आपोआप जातो का ते बघा, नाही गेला तर डीडीयू. कार्डाची वीज कुठून येते त्याचा फोटो इथे टाका. आणि त्याआधी, अनवाणी असताना पत्र्याला हात लागला की काही जाणवतं का, ते सांगा. हात मुद्दाम लावू नका, घरात कुणाला कधी जाणवलं आहे का एवढंच विचारा.